माळ्यावर कोंडलेली हवा: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी जुन्या घरांच्या छपराबद्दल इतके प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. कौलं, पत्रा, माळवद (मातीचं सपाट छप्पर), अगदी अमेरिकेतलं घर, सगळीकडची तक्रार साधारण एकच, वर प्रचंड तापतं नाहीतर कुबट वास येतो, आणि प्रत्येकाला कोणीतरी काहीतरी विकत घ्यायला सांगितलंय. घेण्याआधी एकच बघा, हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही, दुसरं पाडलं की धार लागते, छपराचंही तसंच, खालची वाट आणि वरची वाट दोन्ही लागतात.

प्रश्न: ताई, देवरुखजवळ आमचं आजोबांनी बांधलेलं चौपाखी (चारी बाजूंना उतार असलेलं) घर आहे, मंगलोरी कौलं, सागाचे आणि ऐनाचे वासे. दोन वर्षांपूर्वी वरून धूळ, कचरा पडतो म्हणून सगळ्या खोल्यांना पीव्हीसीचं सिलिंग मारलं, त्याच वेळी कौलं उतरवून खाली निळं प्लास्टिक टाकलं आणि परत लावली. आता घर उघडलं की कुबट वास येतो, एक पट्टी काढून बघितली तर वर बुरशी, आणि काही वाशांतून पिवळी भुकटी पडतेय. सुतार म्हणतो वासे गेले, सगळं काढून लोखंडी अँगल आणि पत्रा टाका. घर पाडल्यासारखंच वाटतंय ते. काय करू?

उत्तर: दादा, सगळे वासे काढायची घाई करू नका प्लीज. आजोबांच्या काळापासून जे लाकूड टिकलं ते दोन वर्षांत खराब व्हायला लागलं असेल तर दोष लाकडाचा नाहीये, त्या दोन वर्षांत वर काय बदललं त्याचा आहे, आणि ते तुम्हीच पत्रात लिहिलंय.

मंगलोरी कौल मुळात हवा अडवायला बनलेलंच नाही. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात ही कौलं बनायला लागली तेव्हापासून त्यांची रचना तीच आहे, एकाच्या खाचेत दुसरं बसतं, पावसाचं पाणी वरून घसरून जातं पण सांध्यात सिमेंट नसतं, चिकटवलेलं काही नसतं, त्यामुळे प्रत्येक सांध्यातून थोडी थोडी हवा जात असते. शिवाय भिंतीच्या माथ्यावर, वाशांच्या मधे, वळचणीला जी मोकळी जागा असते तिथून हवा आत यायची आणि आढ्याकडच्या, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेच्या, सांध्यांतून बाहेर जायची. खाली चूल पेटलेली असायची, त्या धुराने आणि उबेने वासे कोरडे राहायचे, काजळी बसायची, किडाही कमी लागायचा. आता चूल गेली, त्याबद्दल तक्रार नाही, घरातल्या बायकांची फुप्फुसं वाचली, पण चुलीचं जे एक काम होतं ते आता हवेनेच करायला हवं आणि नेमकी हवाच बंद झाली.

वरून प्लास्टिक, खालून पीव्हीसी, मधे वासे. पावसात कौलाच्या सांध्यातून तुषार येतातच, एखादं कौल सरकलेलं असतं, ते पाणी प्लास्टिकवर रिपांपाशी (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) अडून राहतं आणि खिळ्यांच्या भोकांतून खाली झिरपतं, खालून स्वयंपाकघराची वाफ सिलिंगच्या फटींतून आणि लाइटच्या भोकांतून वर चढते, आणि दोघांनाही बाहेर जायला रस्ता नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशी धरते आणि ओलसर लाकडात किड्याचंही फावतं. ओलावा मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, फार महाग नसतं, ते घ्या आणि प्रत्येक खोलीत दोनचार वाशांना लावून बघा. मग पेचकस टोचून बघा. टोक पाव इंचाच्या आत अडकलं तर तो वासा वाचलाय, आरामात आत जात असेल तरच बदला, आणि भिंतीवर टेकलेली टोकं आधी बघा कारण सडायला सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. सुतार बदला असं मी म्हणत नाही पण त्याला प्रत्येक वासा टोचून दाखवायला सांगा.

आता काम. पाऊस संपून लाकूड थोडं वाळलं की, म्हणजे दिवाळीनंतर कधीही. सगळ्यात आधी वळचण बघा. बऱ्याच घरांत उंदीर, साप येतात म्हणून भिंतीच्या माथ्यावरची फट कोणीतरी विटा आणि सिमेंटने बुजवलेली असते. ती उघडा आणि पाव इंच भोकांची जस्ताची किंवा स्टीलची जाळी ठोका. मच्छरजाळी नको, ती वर्षभरात धूळ आणि कोळिष्टकांनी भरून भिंतीसारखीच होते.

किती उघडायचं याचा ठोकताळा असा की माळ्याच्या १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळी जागा, निम्मी खाली निम्मी वर. तुमचं घर समजा ९०० चौरस फूट असेल तर एकूण ६, म्हणजे वळचणीला ३ आणि आढ्याशी ३. वळचणीचं सोपं आहे, घराचा घेर १२० फूट धरला तर चहूबाजूंनी एक इंचाची पट्टी उघडली तरी १० चौरस फूट होतात, जाळीच्या तारांनी थोडी जागा खाल्ली तरी भरपूर. अवघड आहे ते आढ्याचं. चौपाखी घराला आढं आखूड असतं, १२ फूट असेल तर दोन्ही बाजूंना दीड दीड इंच फट मिळून ३ चौरस फूट होतात, पण कोकणातल्या पावसात आढ्याची फट नुसती सोडून चालणार नाही, वर रुंद टोपी पाहिजे जी दोन्ही पाखांवर किमान नऊ इंच खाली उतरते, आणि वाऱ्याने उडणार नाही अशी बांधलेली. हे जमणारा माणूस गावात नसेल तर दुसरा मार्ग घ्या, मधे भोक आणि त्यावर झाकण असलेली हवेची कौलं मिळतात, ती आढ्याखालच्या दुसऱ्या ओळीत सगळ्या पाखांवर लावा. एकेका कौलाचं भोक लहान असतं त्यामुळे दोनचार लावून भागत नाही, पण प्लास्टिक काढलंत तर उरलेलं काम सांधे करतातच.

तर प्लास्टिक काढाच. गळतीची भीती वाटत असेल तर त्याच्या जागी वाफ जाऊ देणारं पण पाणी अडवणारं छपराचं मेम्ब्रेन मिळतं ते टाका, आणि ते टाकताना वाशावर आधी उभी पट्टी, तिच्यावर आडवी रीप, मग कौल असं करा म्हणजे आत आलेलं पाणी रिपेपाशी न अडता घसरून वळचणीला जाईल. आढ्यापाशी मेम्ब्रेन चार इंच अलीकडेच थांबवा. पीव्हीसी सिलिंग ठेवायचं असेल तर ठेवा, वरून धूळ पडू नये हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त प्रत्येक खोलीत भिंतीलगत दोन समोरासमोरच्या पट्ट्या काढून तिथे जाळी बसवा. स्वयंपाकघरात मात्र जाळी नको, तिथली वाफ एक्झॉस्टने भिंतीतून बाहेर. आणि हे नक्की बघा की किचन चिमणीचा पाइप सिलिंगच्या वर नेऊन तिथेच सोडलेला नाही ना, बसवणारे लोक हे सर्रास करतात आणि मालकाला कळतही नाही.

किडा लागलेल्या वाशांना औषध किंवा काजूच्या टरफलांचं तेल लावायचं ते लाकूड कोरडं झाल्यावरच, ओल्यावर लावलं तर ओल आत कोंडते. तेलाने कातडी भाजते, हातमोजे घालून लावा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. जुलैत बाहेरची हवाच नव्वद टक्क्यांच्या आसपास दमट असते, ती आत खेळवून लाकूड वाळत नाही. हवेचा खरा उपयोग पावसाची उघडीप झाली की आणि नवरात्रापासून पुढे, जेव्हा वर साठलेली ओल आठवड्याभरात निघून जायला हवी आणि बंद माळ्यात ती पुढच्या जूनपर्यंत तशीच बसते.

प्रश्न: मॅडम, कराडला स्लॅबच्या घरावर वडिलांनी पंचवीस एक वर्षांपूर्वी वर पत्र्याची खोली काढली, १२ बाय १५ ची. एप्रिल मे मध्ये दुपारी तिथे पाय ठेववत नाही, मुलाचा अभ्यास तिथेच असतो. एकाने टर्बो व्हेंटिलेटर सुचवलाय, कारखान्यांवर गोल फिरतात ते. बसवू का? थंडीत सकाळी पत्र्यातून पाणीही टपकतं, गळती तर नाहीये.

उत्तर: बसवा, पण पहिल्यांदा तो नको. भर दुपारी लोखंडी पत्रा साठ अंशांच्या वर तापतो आणि तो तापलेला पत्रा खालच्या माणसावर सरळ उष्णता फेकत असतो, हवा कितीही खेळवा ती फेक थांबत नाही, म्हणून भट्टीसमोर पंख्यात बसूनही चटका लागतोच. त्यामुळे आधी पत्रा तापणंच कमी करायचं. वरून धुऊन गंज खरवडून पांढरा उष्णता परतवणारा कोट, दोन हात, आणि दर दोनतीन वर्षांनी धूळ धुणं, कारण मळलेला पांढरा रंग फार काम करत नाही. मग पत्र्याखाली सहा इंच तरी जागा सोडून सिलिंग, आणि त्यावर चकचकीत अॅल्युमिनियमची फॉइल, चकचकीत बाजू मोकळ्या हवेकडे. फॉइल पत्र्याला चिकटवून लावली तर पैसे वाया, तिला समोर किमान इंचभर मोकळी जागा असली तरच ती काम करते.

आता हवा, आणि ती त्या पत्रा आणि सिलिंगच्या मधल्या जागेतून जायला हवी. पत्र्याच्या नाळी (उंचसखल पन्हाळ्या) भिंतीवर जिथे टेकतात तिथली भोकं गवंडी माल भरून बंद करतात, जवळजवळ प्रत्येक पत्र्याच्या घरात हे असतं. तो माल छिन्नीने काढा, जाळी लावा, खालच्या बाजूच्याही आणि वरच्या बाजूच्याही. तुमच्या खोलीचा उतार एकाच बाजूला असेल तर एवढ्याने बरंच काम होतं, फुकटात.

हे करून उन्हाळ्याचा एक महिना जाऊ द्या, तरी कमी वाटलं तर टर्बो. २४ इंची टर्बोचा गळा साधारण ३ चौरस फुटांचा असतो, त्याला तेवढीच हवा खालून मिळायला हवी, दारं खिडक्या लावून आणि नाळी बुजवून वर टर्बो फिरत असेल तर तो नुसता फिरतो. आणि वारा पडलेल्या दुपारी, जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा तो हळूच फिरतो हे विकणारा सांगणार नाही.

थंडीतलं पाणी हे दव आहे. रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो, खोलीत झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्याला लागून थेंब धरते. सिलिंग झालं आणि मधल्या जागेतून हवा जायला लागली की हे पुष्कळ कमी होईल.

तुमचा पत्रा लोखंडीच आहे ना हे बघून घ्या. जुने राखाडी सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असतं, त्यांना ड्रिल मारायचं नाही, कापायचं नाही, कोरडं घासायचं तर अजिबात नाही, ती धूळ फुप्फुसात गेली की कायमची. जे करायचं ते खालून वेगळ्या सांगाड्यावर करा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत १९५० च्या दशकातलं घर घेतलंय. मागच्या जानेवारीत अॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) गेलो तर छपरातून आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर बर्फ होता आणि प्लायवुड काळं पडलंय. आधीच्या मालकाने नवीन छप्पर टाकताना रिज व्हेंट (आढ्यावरची हवेची फट) लावलेला आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो इलेक्ट्रिक अॅटिक फॅन लावा. आईबाबा भारतातून येऊन राहतात तेव्हा घरात रोज भरपूर स्वयंपाक होतो, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर: संबंध आहे, पण आईबाबांना स्वयंपाक कमी करायला सांगू नका. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, अंघोळी, घरात वाळत घातलेले कपडे, या सगळ्याची वाफ थंडीत वर चढते आणि अॅटिकमधल्या गारठलेल्या खिळ्यांवर गोठते. दुपारी ऊन लागलं की ती वितळून प्लायवुडमध्ये मुरते. तुम्ही बघितलेलं काळं ते हेच.

फॅन लावू नका. जोरात बाहेर फेकणारा फॅन हवा कुठून तरी ओढणारच, आणि सॉफिटमधून, म्हणजे छपराच्या बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या बाजूने, पुरेशी आली नाही तर तो तुमच्या राहत्या घरातली हवा सिलिंगच्या फटींतून खेचतो, म्हणजे उन्हाळ्यात एसीची गार हवा आणि थंडीत आणखी वाफ. घरात गॅसवर चालणारा जुना वॉटर हीटर असेल तर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याचा अलार्म घरात नसेल तर तो आजच आणा, बाकी सगळं नंतर.

आधी बाहेर जाऊन सॉफिट बघा. जुन्या घरांत ते बरेचदा सलग लाकडाचं असतं, भोकंच नसतात, आणि वर रिज व्हेंट लावला की झालं असं समजून छप्परवाले निघून जातात. मग तो रिज व्हेंटही घरातूनच हवा ओढतो. भोकं असतील तर आतून इन्सुलेशनने बुजलेली आहेत का बघा, दर दोन वाशांमधे बॅफल (इन्सुलेशन मागे धरणारी पट्टी) घालून वाट मोकळी ठेवावी लागते. तिथल्या बांधकामाच्या कोडमध्ये (नियमांत) मूळ प्रमाण १५० ला १ चंच आहे, वरखाली नीट वाटणी केलेली असेल तर काही अटींवर ३०० ला १ चालतं. रिज आणि सॉफिट दोन्ही नीट झाले की टोकाच्या तिकोनी भिंतीतले जुने झरोके, म्हणजे गेबल व्हेंट, बंद करणं बरं, नाहीतर वरच्या वर हवा फिरते आणि खालून ओढ लागत नाही.

पण त्याच्याही आधी, खरं तर सगळ्यात आधी, घरातली हवा वर जायच्या फटी बुजवा. अॅटिकच्या झाकणाच्या कडा, सिलिंगमधले लाइट, पाइप आणि वायरी जातात ती भोकं. बाथरूमचा फॅन कुठे सुटतो ते बघा, जुन्या घरांत तो सरळ अॅटिकमध्येच सुटलेला सापडतो, त्याला इन्सुलेटेड पाइप लावून छपराबाहेर काढा. शेगडीवरचा हूड हवा गाळून परत घरातच सोडणारा असेल तर तोही बाहेर काढून घ्या, आपल्या स्वयंपाकाला तेच लागतं. मग इन्सुलेशन, तुमच्याकडे आर-४९ ते आर-६० पर्यंत सुचवतात (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तितकं चांगलं). छपराच्या कडेला बर्फाचे बांध होत असतील तर तेही यानेच कमी होतील, कारण ते घरातून वर गळणाऱ्या उष्णतेनेच होतात.

वर खडीसारखं चमकदार करडं दाणेदार इन्सुलेशन दिसलं तर हात लावू नका, ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात अॅस्बेस्टॉसची शक्यता असते, तपासून घ्या.

प्रश्न: गुहागर. माकडं कौलं फोडतात, माळ्यावर वटवाघळं आहेत, एक उदमांजरही येतं. तुम्ही फटी उघडा म्हणता, मग ही सगळी आत नाही का येणार?

उत्तर: जाळीशिवाय उघडलं तर येणार, आणि जाळी नीट असेल तर आताच्यापेक्षा कमी येतील, कारण आता ती फुटक्या कौलांतून येतायत. उदमांजराला एक मूठभर वाट पुरते, म्हणून जाळी नुसती खिळ्यांनी नको, पट्टी आणि स्क्रूने. वटवाघळं आत असताना वाट बंद करू नका, पिल्लं अडकून मरतात आणि माळाही सडतो. अंधार पडल्यावर ती बाहेर जाताना बघा, कुठून जातात ते लक्षात ठेवा, बाकी वाटा आधी बंद करून ती शेवटची, आत काही नाही याची खात्री झाल्यावर. उदमांजर कायद्याने संरक्षित आहे, पकडायचं मारायचं नाही. वटवाघळांची घाण साफ करताना आधी पाणी शिंपडून आणि चांगला मास्क लावून करा, ती सुकी धूळ श्वासाला वाईट.

माकडांचा माझ्याकडे खरा इलाज नाही. कौलं वरून तारेने बांधणं, घरावर आलेल्या फांद्या छाटणं, एवढंच. त्यांच्यामुळे लोक पत्रा टाकतात, आणि त्यांना मी दोष देत नाही. टाकणारच असाल तर जुनी कौलं काढून त्याच जागी पत्रा टाकण्यापेक्षा वर वेगळ्या खांबांवर उंच पत्रा आणि खाली कौलं तशीच, मधून वारा खेळता, हे घर फार गार राहतं. खर्च जास्त आहे. आणि पत्रा धरणारे J आकाराचे बोल्ट, नट, खांबाचा पाया यात काटकसर नको, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तरेकडे पत्रे कसे उडाले ते तुम्ही पाहिलंयत.

प्रश्न: तुळजापूर तालुक्यात आमचं खणाचं जुनं घर आहे, माळवदाचं. वर उजेडासाठी सवणं (छपरातलं भोक) होतं, पावसाचं पाणी यायचं म्हणून भावाने त्यावर काच बसवून सिमेंटने पॅक केली. आता उन्हाळ्यात आत घुसमटतं. आणि माळवद गळतं म्हणून वर कोबा करायचा विचार आहे.

उत्तर: काच राहू द्या, पॅकिंग काढा. सवण्याच्या चारी कडांना सहा इंच उंच विटांचा कठडा, वर काच कठड्याबाहेर चार इंच येईल एवढी मोठी आणि कठड्यापेक्षा तीन इंच वर उचललेली, मधल्या फटीला जाळी. उजेडही येईल, पाणीही नाही, आणि तापलेली हवा वरून निघून जाईल. दिवसा खालची खिडकी बंद ठेवा आणि रात्री उघडा, जाड मातीचं घर रात्रीची गार हवा पिऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवतं.

कोबा नको. त्याखाली माती ओली राहिली की तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात, आणि बाहेरून काही कळत नाही. गळती थांबवायची तर आधी पाणी जायचा उतार आणि पन्हाळी नीट करा, मग जुना थर थोडा खरवडून तेवढीच पांढरी माती चोपा. नुसती वर वर माती चढवत जाऊ नका. दरवर्षीचा थर साठत जाऊन वजन किती होतं आणि दगडमातीच्या भिंतींवर ते कोसळलं की काय होतं हे तुमच्या भागाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात भोगलंय. त्यामुळे हवेसाठी भिंतीत नवीन मोठी खिडकी फोडायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला भिंत दाखवा, आणि तुळईच्या बरोबर खाली तर फोडूच नका.